रस्त्यांमधला मुलूख

यवतमाळ जिल्ह्याचा वन विभागाचा नकाशा हिरव्या ठिपक्यांचा आहे आणि बांधकाम खात्याचा नकाशा लाल-काळ्या रेघांचा. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण ते एकावर एक ठेवून पाहण्याची आपल्याकडे पद्धत नाही. ठेवून पाहिले तर पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही, की हिरव्या ठिपक्यांच्या मधली जी जागा नकाशात कोरी सोडलेली असते ती मुळीच कोरी नाही. तिथे पऱ्हाटीची आणि तुरीची वावरे आहेत, ई-क्लासची गुरचरणे आहेत, नाले आणि पांदण रस्ते आहेत, कोलामांचे पोड आणि बंजाऱ्यांचे तांडे आहेत. याच जागेतून जंगल एका ठिपक्यातून दुसऱ्यात जात असते. पळसाचे बी जाते, पावसाचे पाणी जाते, रोही आणि रानडुकरे जातात, त्यांच्या मागोमाग वाघ जातो. आणि नवा रस्ता, नवी रेल्वे, नवा ले-आऊट आखायचा झाला की पहिली रेघ याच जागेवरून ओढली जाते, कारण कागदोपत्री ती मोकळी असते. पुढच्या प्रकरणांचा विषय ही मधली जागा आहे. तिचे तुकडे कसे पडतात, त्याने जंगलाचे काय होते आणि त्या तुकड्यांत राहणाऱ्या माणसांचे काय होते, हे समजून घ्यायचे आहे.

जिल्हा मोठा आहे. 13,582 चौरस किलोमीटर आणि 16 तालुके. ईशान्येला वर्धा नदी, दक्षिणेला पैनगंगा आणि दोघींच्या मधे अडाण, अरुणावती, बेंबळा, पूस, निर्गुडा अशा नद्यांनी कोरलेला उंचसखल मुलूख. डोंगरावर सागवान, धावडा, सालई, तेंदू, मोह आणि खाली काळ्या जमिनीत कापूस. 2011 च्या जनगणनेत इथली लोकसंख्या साडेसत्तावीस लाखांवर होती आणि तिच्यातले पाचातले जेमतेम एक माणूस शहरात राहत होते. म्हणजे मुंबई-पुण्याच्या अर्थाने हा शहरी जिल्हा नव्हे. तरीही तुकडे पडण्याचा प्रश्न इथे इतका तीव्र आहे, हेच मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. निसर्गाचे तुकडे पाडायला महानगर लागत नाही. चार पदरी रस्ता, त्यावरचे ढाबे, पेट्रोल पंप, जिनिंग आणि गावाबाहेर पाडलेले प्लॉट एवढे पुरते.

केळापूर तालुक्यात पांढरकवड्याजवळ टिपेश्वर अभयारण्य आहे. क्षेत्रफळ 148 चौरस किलोमीटर, म्हणजे लांबीरुंदीला साधारण बारा-बारा किलोमीटरचा चौकोन. वाघांसाठी ही जागा फार लहान. वयात आलेल्या नराला स्वतःचे क्षेत्र हवे असते, आणि जुने नर ते सोडत नाहीत. त्यामुळे टिपेश्वरात जन्मलेल्या वाघाला एका वयानंतर बाहेर पडणे भाग असते. 2016 च्या अखेरीस जन्मलेल्या अशाच एका नराला फेब्रुवारी 2019 मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी वन विभागाच्या साहाय्याने रेडिओ कॉलर लावली. जूनच्या अखेरीस तो निघाला. पांढरकवड्याहून तेलंगणातल्या आदिलाबादच्या हद्दीत, तिथून पैनगंगेचे खोरे धरून नांदेड, हिंगोली, वाशिम, अकोला करत डिसेंबरच्या सुरुवातीला तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. पुढे एप्रिल 2020 मध्ये कॉलर काढली तोवर त्याच्या नोंदलेल्या चालीचा हिशेब तीन हजार किलोमीटरच्या वर गेला होता. वृत्तपत्रांनी त्याला 'वॉकर' म्हटले आणि त्याच्या पायपिटीचे कौतुक केले. कौतुक रास्तच होते. पण त्या कॉलरने पाठवलेल्या ठिपक्यांचा माग खरी माहिती देतो ती वेगळीच. हा वाघ जंगलातून थोडा आणि शेतांतून, नाल्यांच्या काठांतून, झुडपी माळांतून पुष्कळ चालला. बहुतेक रात्री चालला. म्हणजे मधली जागा अजून मेलेली नाही. ती वापरात आहे. 2021 मध्ये टिपेश्वरचाच दुसरा एक नर औरंगाबाद-जळगावच्या सीमेवरच्या गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात कॅमेऱ्यात आला. तिथे वाघ दिसायला 1940 नंतर तेच साल उजाडावे लागले. डिसेंबर 2024 मध्ये आणखी एक धाराशिव जिल्ह्यात येडशीच्या रामलिंग घाटात सापडला. मराठवाड्यातल्या माणसांना आपल्या डोंगरात वाघ असू शकतो हे यवतमाळच्या वाघांनी पुन्हा दाखवले.

मात्र हे सगळे नर आहेत आणि एकेकटे आहेत. मादी एवढी दूर जात नाही. ती आईच्या जवळपासच क्षेत्र शोधते. त्यामुळे ज्ञानगंगेत पोचलेल्या वाघाला तिथे जोडीदार नव्हता. वाट कशीबशी पार करणारा एखादा जिवंत दाखला म्हणजे वाट शाबूत असल्याचा पुरावा नव्हे. प्राची थत्ते, उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य भारतातल्या वाघांच्या विष्ठेतून काढलेल्या जनुकांवर जे काम केले, त्यातून हेच पुढे आले. दाट वस्ती आणि वर्दळीचे रस्ते जिथे आडवे येतात तिथे वाघांच्या समूहांमधले जनुकांचे येणेजाणे कमी होत जाते. जंगल दिसायला तेवढेच राहते, आतले रक्त मात्र एकाच कुटुंबाचे होऊ लागते.

आता रस्त्याकडे वळू. श्रीनगर-कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग 44, ज्याला इथली माणसे अजून सात नंबर म्हणतात, हिंगणघाटहून वडनेर, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी करत पिंपळखुटीच्या नाक्यावरून तेलंगणात उतरतो. जुना रस्ता दोन पदरी होता. रात्री दोन ट्रकांच्या मधे बराच अवकाश मिळायचा आणि त्यात जनावर पार व्हायचे. चौपदरी झाल्यावर वाहने वाढली, वेग वाढला, मधे दुभाजक आला, कडेला लोखंडी कठडे आले. हे सगळे माणसाच्या सुरक्षिततेसाठी आहे आणि असायलाच हवे. पण रस्ता आखताना जनावराच्या पायांचा विचार कुणी केला नसेल, तर ते दुभाजकापाशी अडते, गोंधळते आणि मरते. 2017 च्या डिसेंबरात बोर अभयारण्यातला 'बाजीराव' हा वाघ नागपूर-अमरावती महामार्गावर वाहनाच्या धडकेने मेला, तेव्हा बातमी झाली. मुंगूस, रानमांजर, कोल्हा, घोरपड, पिंगळा, पावसाळ्यातले बेडूक आणि साप यांची बातमी होत नाही. सकाळपर्यंत त्यांचे डांबरावर काही शिल्लकही राहत नाही.

रस्त्याखाली दबून जाणारी जमीन हा नुकसानीतला अगदी लहान भाग असतो. एक हिशेब मांडून पाहा. दहा किलोमीटर लांब आणि दहा किलोमीटर रुंद असे अखंड जंगल आहे असे समजा. त्याच्या कडेच्या एक किलोमीटर पट्ट्यात गुरे, माणसे, उजेड, आवाज, वणवे यांचा वावर असतो असे धरले, तर आतले निवांत जंगल उरते आठ गुणिले आठ, म्हणजे 64 चौरस किलोमीटर. आता त्याच्या बरोबर मधून साठ मीटर रुंदीचा महामार्ग काढा. कागदावर जमीन गेली फक्त 60 हेक्टर. पण दोन नवे तुकडे झाले, प्रत्येक दहा गुणिले पाच, आणि दोघांना नवी कड मिळाली. प्रत्येकात आतले जंगल उरले आठ गुणिले तीन, म्हणजे 24. दोन्ही मिळून 48. साठ हेक्टरच्या रस्त्याने सोळाशे हेक्टर निवांत जंगल संपवले. प्रकल्पाच्या अहवालात 60 हा आकडा असतो, भरपाईची झाडे त्या 60 हेक्टरांसाठी लावली जातात. 1,600 चा रकाना त्या तक्त्यात नसतो.

या कडेवर काय उगवते ते रस्त्याने जाताना कुणीही पाहू शकतो. घाणेरी आणि गाजरगवत. मुरूम टाकला, माती उकरली, ट्रकांच्या चाकांनी बी आणले की ही दोन झुडपे आधी येतात आणि मग रस्त्याकडून आत सरकतात. त्यांच्याखाली गवत वाढत नाही. गवत नाही म्हणून चितळ येत नाही. चितळ हटले की वाघाला शेतातल्या रोह्याच्या आणि गोठ्यातल्या गुराच्या मागे जावे लागते.

जगभर हेच चालले आहे. 2016 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात शास्त्रज्ञांच्या एका गटाने पृथ्वीवरच्या रस्तेविरहित प्रदेशाचा नकाशा मांडला. रस्त्यांनी जमिनीचे सुमारे सहा लाख तुकडे केले आहेत आणि त्यांतले निम्म्याहून अधिक एक चौरस किलोमीटरपेक्षा लहान आहेत, असे त्यांना आढळले. त्या कोष्टकात शंभर चौरस किलोमीटरपेक्षा मोठे तुकडे होते केवळ सात टक्के. आपले 148 चौरस किलोमीटरचे टिपेश्वर लहान आहे असे मी वर म्हटले. जगाच्या मापाने ते दुर्मीळ म्हणावे इतके मोठे ठरते.

तुकडे पडण्याची सर्वांत महागडी किंमत या जिल्ह्याने 2016 ते 2018 या काळात मोजली. राळेगाव आणि पांढरकवडा या पट्ट्यात टी-1 ही वाघीण राहत होती. 'अवनी' या नावाने ती देशभर माहीत झाली. अभयारण्याच्या बाहेर, विखुरलेल्या वनखंडांत तिने क्षेत्र केले होते. तिच्या नावावर 13 माणसांचे मृत्यू नोंदले गेले. मेलेल्यांत गुराखी होते, शेतात गेलेले कास्तकार होते, सगळेच गरीब होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि अखेर 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी घालण्यात आली. मागे दोन बछडे राहिले. त्यांतल्या मादीला त्याच डिसेंबरात पकडून पेंचला नेले. 2021 च्या मार्चमध्ये जंगलात सोडल्यावर थोड्याच दिवसांत तीही मेली.

या घटनेवर देशात खूप वाद झाला. वाघिणीला मारणे कायदेशीर होते का, बेशुद्ध करण्याचा प्रयत्न पुरेसा झाला का, गोळी कशी लागली, यावर रकानेच्या रकाने भरले. ते प्रश्न महत्त्वाचे आहेत. पण राळेगावच्या त्या मुलखात एक वाघीण आणि तिचे बछडे जगतील असे अखंड जंगल का उरले नव्हते, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. तिथला भूभाग डोळ्यांसमोर आणा. दोन-चार चौरस किलोमीटरचे सागवानी वनखंड. त्यांच्या मधे पऱ्हाटी. ऑक्टोबरात पऱ्हाटी आणि तूर माणसाच्या छातीपर्यंत येतात आणि वनखंडाची कड कुठे संपली व वावर कुठे सुरू झाले हे सांगता येत नाही. अशा लहान तुकड्यांना आत कमी आणि कड फार. रोही आणि रानडुकरांना कड मानवते. दिवसा झुडपात आणि रात्री शेतात, असे त्यांचे चालते. म्हणून त्यांची संख्या वाढते, म्हणून वाघाला कडेवर भक्ष्य मिळते आणि म्हणून कास्तकाराला रात्रीची जागल करावी लागते. वावराच्या धुऱ्यावर माळा, हातात बॅटरी, थाळी किंवा फटाके, आणि पहाटेपर्यंत हाकारे. ज्याच्याकडे पैसा आहे तो झटका मशीन बसवतो. ज्याच्याकडे नाही त्यांतला एखादा थेट विजेची तार सोडतो आणि मग त्यात रोही मरतो, कधी वाघ मरतो, कधी शेजारचा माणूस मरतो. वाघ, रोही, जागल आणि तार ही एकाच साखळीची कडी आहेत, आणि साखळी सुरू होते ती जंगलाचे तुकडे पडण्यापासून. टी-1 चे प्रकरण भूमी-नियोजनाचे होते. आपण ते शिकारीचे प्रकरण म्हणून मिटवले, आणि त्यामुळे त्यातून शिकायचे ते राहून गेले, असे माझे स्पष्ट मत आहे.

पूर्वेला वणीकडे हीच गोष्ट कोळशाच्या रूपाने घडते. उघड्या खाणी, त्यांच्या मातीचे डोंगर, कोळशाच्या ट्रकांनी भरलेले रस्ते आणि दोन्ही बाजूंच्या कापसावर बसलेली काळी धूळ. झरी-जामणीत मुकुटबनकडे चुनखडी आणि सिमेंट. चंद्रपूरहून ताडोब्याचा वाघ पश्चिमेला येतो तो याच पट्ट्यातून, आणि टिपेश्वरहून तेलंगणातल्या कवल व्याघ्र प्रकल्पाकडे जाणारा वाघही दक्षिणेला याच मुलखाच्या कडेने उतरतो.

शहराचे पसरणे याहून मंद असते, म्हणून ते नजरेत भरत नाही. यवतमाळ हे डोंगरांच्या कुशीतले गाव. समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंची, चारी बाजूंना टेकड्या आणि त्यांतून उतरणारे नाले. वडगाव, लोहारा, वाघापूर, उमरसरा, भोसा, पिंपळगाव, मोहा ही भोवतालची गावे गेल्या दशकात नगर परिषदेच्या हद्दीत आली. हद्द वाढण्याआधीच तिथली वावरे अकृषक होऊन प्लॉट पडले होते. आर्णी रोड, दारव्हा रोड, धामणगाव रोड, पांढरकवडा रोड, ज्या दिशेला रस्ता त्या दिशेला शहराची एक लांब बोटासारखी पट्टी गेली. शहर गोल वाढले असते तर एवढी जमीन अडली नसती. रस्त्याच्या दोन्ही कडांनी लांबच लांब वाढलेली पट्टी मात्र मागच्या टेकडीला समोरच्या टेकडीपासून पुरती तोडते. ले-आऊट पाडताना नाला सरळ केला जातो, अरुंद केला जातो, कुठे पाईपात घातला जातो. निळोणा आणि चापडोह या धरणांवर हे शहर पाणी पिते, आणि 2018 च्या उन्हाळ्यात त्यांनी तळ गाठल्यावर शहराने टँकरच्या रांगा पाहिल्या. पाऊस कमी झाला हे त्याचे मुख्य कारण होते. पण टेकडी, नाला आणि धरण यांचे नाते तुटत गेले की कमी पावसाचे वर्ष अधिकच कडक जाते, हेही तितकेच खरे आहे.

गावांच्या बाबतीत ई-क्लास जमिनीकडे बारकाईने पाहायला हवे. वऱ्हाडात गुरचरणासाठी राखलेल्या जमिनीला हे नाव आहे. नागपूर विभागातल्या जिल्ह्यांत झुडपी जंगल म्हणून नोंद असलेल्या जमिनींना सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये वन म्हणून मान्यता दिली. अमरावती विभागातल्या, म्हणजे यवतमाळच्या ई-क्लासला असे छत्र नाही. घरकुल, स्मशान, सबस्टेशन, सौर प्रकल्प, रस्त्यासाठी मुरूम, गावाला जे काही हवे ते ई-क्लासवर होते. एकेक गरज खरी असते. पण दोन वनखंडांना जोडणारा दुवा बहुतेक ठिकाणी हाच माळ असतो, आणि तो गेल्याची नोंद कुठल्याही वन अहवालात होत नाही.

मी रस्त्यांच्या विरोधात नाही. झरी किंवा मारेगावच्या पोडावरून बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे असेल तर पक्का रस्ता किती तासांचा फरक पाडतो हे तिथल्या माणसांना विचारावे. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक, आणि तिच्या कित्येक पोडांपर्यंत आजही धड रस्ता पोचलेला नाही. गंमत नव्हे, दुःख याचे आहे, की ज्या महामार्गाने जंगल तोडले त्याने पोडही जोडला नाही. महामार्गाच्या अलीकडे घर आणि पलीकडे वावर अशी विभागणी झालेल्या कास्तकाराला बैलबंडी घेऊन वळसा घालावा लागतो, नाहीतर उलट दिशेने जीव मुठीत धरून जावे लागते. रोह्याची आणि त्याची अडचण एकच आहे. दोघांनाही रस्त्याखालून जायला वाट हवी आहे.

ती वाट बांधता येते, हे सांगण्यासाठी परदेशात जायची गरज नाही. याच महामार्ग 44 वर, नागपूरच्या उत्तरेला, पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या कडेने मनसर ते खवासा या टप्प्यात जनावरांसाठी नऊ जागी रस्ता उचलला आहे. सर्वांत लहान मार्ग 50 मीटर रुंद, सर्वांत मोठा 750 मीटर. न्यायालयीन लढाईनंतर ते झाले. पुढे वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावले तेव्हा 2019 च्या काही महिन्यांतच 18 जातींचे प्राणी त्याखालून जाताना नोंदले गेले आणि त्यांत 11 वेगवेगळे वाघ होते. वर ट्रक, खाली चितळांचा कळप, असे तिथे रोज घडते. समृद्धी महामार्गावरही अशी बांधकामे झाली. तंत्र आहे, अभियंते आहेत, अनुभव आपल्याच विदर्भातला आहे.

सगळीकडे 750 मीटरचा पूल लागत नाही. पुष्कळ ठिकाणी प्रश्न एका साध्या मोरीचा असतो. करंजी ते पाटणबोरीच्या दरम्यान रस्ता ओलांडणारे नाले पायी उतरून पाहावेत. जिथे नाल्यावर नुसता सिमेंटचा गोल पाईप टाकला आहे, तिथे आत अंधार, तळाला साचलेले पाणी, तोंडाशी अडकलेल्या फांद्या आणि प्लॅस्टिक. मुंगसाखेरीज त्यात कोण शिरणार? जिथे उंच चौकोनी पेटीची मोरी आहे आणि पलीकडचा उजेड अलीकडून दिसतो, तिथे उन्हाळ्यात कोरड्या गाळावर पायांचे ठसे सापडतात. रोह्याचे दुभंग खूर, रानडुकराचे त्याहून आखूड, कुठे सायाळीचा गळलेला काटा, आणि त्यांच्याच शेजारी गुराख्याच्या चपलेचा ठसा व शेळ्यांच्या लेंड्या. माणूस आणि जनावर पाळीपाळीने एकच वाट वापरतात. पाईपाऐवजी पेटी, एक मीटरऐवजी तीन-चार मीटर उंची, कडेला कोरडा कठडा आणि तोंडापर्यंत जनावराला आणणारे कुंपण, हा बदल आराखड्यातच केला तर खर्च थोडा वाढतो. रस्ता झाल्यावर करायला गेले तर तो परवडत नाही म्हणून होतच नाही.

म्हणून आजची वेळ महत्त्वाची आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड ही 284 किलोमीटरची रेल्वे बांधली जात आहे. वर्धा ते कळंब हा भाग फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला, पुढे यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड हा डोंगराळ टप्पा आहे. 1903 पासून यवतमाळ-मूर्तिजापूर धावलेली शकुंतला नॅरोगेज होती, तिचा वेग बैलबंडीला लाजवणारा नव्हता. ही ब्रॉडगेज गाडी तशी नसेल. शिवाय पवनार ते पत्रादेवी असा 802 किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग घोषित झाला आहे आणि मूळ आराखड्यातल्या 12 जिल्ह्यांत यवतमाळ आहे. त्यावर शेतकऱ्यांचे आक्षेप आहेत, ते ऐकले जावेत. पण यांतले जे काही होईल ते नाल्यांवरूनच जाणार आहे.

आणखी एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. 2006 च्या पर्यावरण आघात अधिसूचनेखाली मोठ्या महामार्गांना जनसुनावणी लागते, आणि तिची सूचना किमान तीस दिवस आधी द्यावी लागते. रेल्वेमार्ग त्या अधिसूचनेच्या यादीतच नाहीत. तिथे लोकांनी स्वतःहून, ग्रामसभेच्या ठरावाने आणि लेखी निवेदनाने बोलावे लागेल. तेव्हा आपल्या गावच्या हद्दीतून रेघ जाणार असेल, तर मोबदल्याच्या आकड्यासोबत आराखड्याची प्रतही मागा. आपल्या शिवारातले नाले त्यावर कुठे आहेत ते गुराख्याला आणि जागल करणाऱ्या कास्तकाराला घेऊन तपासा, कारण जनावर कुठून पार होते हे त्यांच्याइतके कुणालाच माहीत नसते. प्रत्येक नाल्यावर पाईप आहे की पूल हे विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.